बेलिफसाहेब आणि मेजर

माझे वडील, सदानंद मिठबावकर, वसईच्या कोर्टात सव्वीस वर्षं बेलिफ होते. कोर्टाचे समन्स आणि नोटिसा ज्याच्या त्याच्या हातात नेऊन द्यायच्या आणि पोच म्हणून सही घ्यायची, हे त्यांचं काम. सायकलवर खाकी पिशवी अडकवून ते गावोगाव फिरत. पोस्टमन आला की लोक दार उघडतात, मी आलो की खिडकी लावतात, असं ते जेवताना सहज सांगत. एका घरात तर माणूस त्यांना बघून न्हाणीघरात शिरला आणि बायकोने सांगितलं, ते नाशिकला गेलेत. बाबांनी ओट्यावर बसून पाऊण तास नाशिकहून परत यायची वाट पाहिली होती.

रमेदीच्या बाजूला घोन्साल्विस नावाच्या दोन भावांची वाडी होती. केळी, पानवेली, थोडा मोगरा, मधे विहीर. मोठा भाऊ बॅप्टिस्ट पुढच्या घरात राहायचा, धाकटा सेबेस्टियन मागच्या. शहाण्णव साली सेबेस्टियनने वाटणीचा दावा लावला आणि बॅप्टिस्टच्या नावचं समन्स बाबांच्या पिशवीत आलं.

बॅप्टिस्टने ते घ्यायचंच नाही असं ठरवलं होतं. त्यासाठी त्याला फारसं काही करावं लागलं नाही. त्याच्याकडे मेजर होता. अल्सेशियन आईचा, बापाचा पत्ता नसलेला, दीड-दोन वर्षांचा दांडगा कुत्रा. फणसाच्या झाडाला त्याची साखळी बांधलेली, आणि ती बरोबर एवढी लांब की दारापर्यंत कुणी पोचू नये. बाबांना हे पहिल्याच दिवशी कळलं. पोटरीचा लचका निघाला. सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. आई रोज त्यांना रिक्षाने घेऊन जायची आणि वाटेत बॅप्टिस्टचा उद्धार करायची.

"त्याला कशाला बोलतेस," बाबा म्हणाले.

"मग काय कुत्र्याला बोलू?"

"त्यालाही नको. मी त्याच्या अंगावरच चालून गेलो. त्याला काय माहीत मी कोर्टाचा माणूस आहे."

बरे झाल्यावर ते पुन्हा गेले. या वेळी फाटकातून आत शिरलेच नाहीत. फाटकाबाहेर, साखळीच्या टोकापासून वीस पावलांवर दगडावर बसले, मेजरकडे पाठ केली आणि डबा उघडला. मेजर घसा बसेपर्यंत भुंकला. बाबांनी जेवण संपवलं, भाजलेल्या सुक्या बोंबलाचा एक तुकडा मागे न बघता त्याच्या दिशेने टाकला आणि निघून आले. अहवालात लिहिलं, कुत्र्यामुळे बजावणी झाली नाही. पुढच्या खेपेला अठरा पावलं. मग पंधरा. दर वेळी तोच अहवाल. कोर्टातला नाझर, म्हणजे बेलिफांचा साहेब, म्हणाला, मिठबावकर, त्या कुत्र्यालाच प्रतिवादी करू या.

सातव्या खेपेला मेजर भुंकला नाही. आठव्याला तो साखळीच्या टोकाशी येऊन बसला आणि शेपटीने माती झाडत राहिला. त्या दिवशी बाबा उठले, सावकाश, थोडे तिरके चालत त्याच्या शेजारून गेले आणि दारावर टकटक केली. खिडकीतून बॅप्टिस्ट हे सगळं बघत होता.

दार उघडून तो म्हणाला, "माझा कुत्रा फितवलात तुम्ही."

"बोंबील तुमच्याच पाचूबंदरचे," बाबा म्हणाले आणि कागद पुढे केला.

बॅप्टिस्टने सही केली. त्याची बायको रोझलीन आतून चहा घेऊन आली आणि जाताना तिने केळीच्या पानात बांधलेली सुकेळी बाबांच्या हातात ठेवली. ती वाळवलेली गोड केळी आम्ही घरी दोन दिवस पुरवून खाल्ली. मी, संपदा, तेव्हा दहावीत होते. कुत्रा चावलेल्या घरून खाऊ आला याची मला मोठी गंमत वाटली होती.

दावा तीन वर्षं चालला. दर काही महिन्यांनी काही ना काही कागद घेऊन बाबांना त्या वाडीत जावं लागे आणि मेजर त्यांची पिशवी हुंगून झाडाखाली जाऊन बसे. मग नव्व्याण्णव साली बॅप्टिस्ट झोपेतच गेला. रोझलीनचा मुलगा जोएल मुंबईत नोकरीला होता. त्याने वाद मिटवला, आपला वाटा काकाला सोडून दिला आणि वसईतल्याच एव्हरशाईन सिटी या नव्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. कारण तोपर्यंत बाबा निवृत्त झाले होते.

निवृत्तीने ते बसल्या जागी म्हातारे झाले. रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणारा, सायकल मारणारा माणूस आचोळ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर वर्तमानपत्र उलटत बसायचा. साडेनऊ वाजले की उठून चपला घालायचा, दारात उभा राहायचा आणि परत आत यायचा. आई म्हणायची, "अहो, बाजारात तरी जाऊन या." ते जायचे, कोथिंबीर आणायचे. बाजारात त्यांना ओळखणारे बरेच होते, पण बेलिफाशी उभं राहून गप्पा मारायची कुणाला सवय नव्हती.

दोन हजार एकच्या फेब्रुवारीत एका दुपारी दाराची कडी वाजली. मी उघडलं. पन्नाशी उलटलेली एक बाई, डाव्या मनगटाला प्लास्टर, जिने चढून दम लागलेला.

"बेलिफसाहेब राहतात का इथे?"

बाबा आतून आले. क्षणभर त्यांना ओळख पटली नाही. मग म्हणाले, "रोझलीनबाई ना? रमेदीच्या?"

"कोर्टात जाऊन पत्ता काढला तुमचा," ती म्हणाली. "माझं एक काम आहे. कागदाचं नाही."

आईने पाणी दिलं. रोझलीन आंटीने सगळं सांगितलं. मेजरला फ्लॅटमध्ये आणला होता. पाच-सहा वर्षं फणसाखाली काढलेला कुत्रा. त्याने जिना कधी पाहिला नव्हता, रस्ता पाहिला नव्हता. खाली नेला की तो जिकडे दिसेल तिकडे ओढत सुटे. महिनाभरापूर्वी त्याने टँकर बघून अशी उडी घेतली की ती पायऱ्यांवरून खाली पडली आणि हात मोडला. जोएल सकाळी सहाला निघतो, रात्री नऊला येतो. सोसायटीने सांगितलंय, कुत्रा कुठेतरी पाठवा.

"सेबेस्टियनकडे ठेवता येत नाही का?" आईने विचारलं.

"आमचं बोलणं नाही," ती म्हणाली. मग बाबांकडे बघून म्हणाली, "बॅप्टिस्ट गेल्यापासून मेजर कुणाचंच ऐकत नाही. एकाच परक्या माणसाला त्याने जवळ येऊ दिलं. तुम्हाला. म्हणून आले."

बाबा उठले आणि चपला घालू लागले. आईने विचारलं, आत्ता लगेच? तर म्हणाले, "कोर्टाचा माणूस शोधत कोणी आलं, असं सव्वीस वर्षांत झालं नाही गं."

मीही त्यांच्याबरोबर गेले. आचोळ्याहून एव्हरशाईन चालत वीस मिनिटं. तेव्हा तिथले रस्ते नवे, रुंद आणि बरेचसे रिकामे होते. दोन इमारतींच्या मधे अजून गवताची मैदानं होती. मेजर बाल्कनीच्या कोपऱ्यात भिंतीला अंग लावून पडला होता. माझ्या मनात होता त्यापेक्षा तो खूप लहान दिसला. बाबा दारातच जमिनीवर बसले, त्याच्याकडे पाठ करून. बराच वेळ काही झालं नाही. मग नखांचा आवाज आला. मेजरने त्यांची चप्पल हुंगली, मग पाठ, मग खिसा. खिशात काही नव्हतं. तरी तो तिथेच बसला.

जोएलने त्याच्यासाठी गळा आवळणारी लोखंडी साखळी आणली होती. ती बाबांनी काढून बाजूला ठेवली. म्हणाले, "आयुष्यभर हेच तर केलंय त्याने. साखळी ताणून उभं राहायचं. त्याला वाटतं चालणं म्हणजे हेच." दुसऱ्या दिवशी त्यांनी खाटेची जुनी नवार कापून आमच्या गल्लीतल्या चांभाराकडून दुहेरी शिवून घेतली आणि तिला कडी लावली. नवार हाताला रुतत नाही आणि कुत्र्यालाही.

मग रोज सकाळी साडेपाचला ते घरातून निघू लागले. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. सुट्टीच्या दिवशी मीही जायची, म्हणून मला त्यांची पद्धत माहीत आहे.

पहिले दहा दिवस ते इमारतीबाहेर गेलेच नाहीत. फ्लॅटमध्ये हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत आणि परत. मेजरने पट्टा ताणला की बाबा जागच्या जागी उभे. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, काही नाही. मेजर पुढे जोर लावी, मग गोंधळून मागे बघे. मागे बघताना पट्टा ढिला पडे. ढिला पडला रे पडला की बाबा म्हणत, "शाब्बास," बोंबलाचा तुकडा देत आणि पाऊल उचलत. तुकडा नेहमी डाव्या मांडीशी धरायचा, म्हणजे कुत्रा आपोआप तिथे येतो. रोझलीन आंटी सोफ्यावरून बघायची आणि म्हणायची, "अशाने चर्चला पोचायला नाताळ येईल."

"येऊ दे," बाबा म्हणायचे. "आपल्याला कुठे तारीख पडलीय."

जिन्याला चार दिवस लागले. एका पायरीवर एक तुकडा. मग कंपाउंड, मग रस्ता. रस्त्यावर खरी परीक्षा होती, कारण मेजरला सगळ्याचीच भीती होती. टँकर, शाळेची बस, छत्रीवाला माणूस, चेंडू खेळणारी मुलं, दुसरा कुत्रा. भीती वाटली की तो आधीच अंगावर जायचा. बाबांनी पुन्हा आपली जुनी पावलं काढली. पाण्याचा टँकर रोज सातला यायचा. ते मेजरला घेऊन समोरच्या मैदानात शंभर पावलांवर उभे राहिले. मेजरचे कान ताठ झाले, पण तो भुंकला नाही. लगेच बोंबील. टँकर गेला, बोंबील बंद. आठवडाभर शंभर पावलं, मग ऐंशी. कधी घाई झाली आणि मेजर भुंकला, तर बाबा त्याला काही बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीस पावलं मागे जायचे. "माझं चुकलं," म्हणायचे. "मी लवकर पुढे आलो."

घरी त्यांच्या शर्टाच्या खिशाला बोंबलाचा वास यायचा. आई ते शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. पण तिची कुरकुर मनापासूनची नव्हती. माणूस पुन्हा भूक लागून जेवत होता.

एप्रिलमध्ये मात्र घात झाला. जिन्याच्या वळणावर दुसऱ्या मजल्यावरचा पॉमेरेनियन अचानक समोर आला आणि मेजरने झडप घातली. दात लागले नाहीत, पण त्या कुत्र्याची मालकीण जिन्यातच रडायला लागली. दोन दिवसांनी रोझलीन आंटीच्या दाराखालून सोसायटीची नोटीस आली. एक महिन्यात कुत्रा हलवावा.

तिने ती बाबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"तारीख नाही घातलेली," ते म्हणाले. "आणि सहीच्या खाली नाव नाही. अशी नोटीस मी घेऊन गेलो असतो तर साहेबांनी हाकलून दिलं असतं."

रोझलीन आंटी हसली नाही. "ते मला काय उपयोगाचं, बेलिफसाहेब?"

"नाही उपयोगाचं," बाबा म्हणाले. "मी जाऊन बोलतो."

सेक्रेटरी बळीराम वझे बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले गृहस्थ. बाबा त्यांच्या दारात उभे राहिले तेव्हा मी मागे होते. ज्याच्या दारात उभं राहायचं त्याची आधी वेळ घेऊन मगच जायचं, ही बाबांची नवी सवय. आदल्या दिवशीच त्यांनी निरोप पाठवला होता.

"वझेसाहेब, नोटीस बरोबर आहे," बाबा म्हणाले. "चूक माझी झाली. जिन्यात वळणावर मी आधी हाक द्यायला हवी होती. महिना दिलात, तेवढा राहू द्या. पण महिनाभर रोज सकाळी दहा मिनिटं तुम्ही खाली खुर्ची टाकून बसा."

"मी? कशाला?"

"तुम्हाला बघायची सवय झाली पाहिजे त्याला. आणि त्याला बघायची तुम्हाला."

वझ्यांनी थोडा विचार केला. त्यांनाही बहुधा सकाळी काही काम नव्हतं. ते खरंच खुर्ची टाकून बसू लागले. पहिल्या दिवशी मेजर चाळीस पावलांवरून गेला. वझे पेपरच्या वरून बघत होते. पुढे ते पेपर आणेनासे झाले. मग पॉमेरेनियनची मालकीण, विनिता नावाची शिक्षिका, आपल्या कुत्र्याला घेऊन दुसऱ्या टोकाला उभी राहू लागली. दोन्ही कुत्रे एकाच दिशेने, मधे रस्ता ठेवून चालवायचे, समोरासमोर आणायचे नाहीत, हे बाबांनी तिला समजावलं. विसाव्या-बाविसाव्या दिवशी मेजर वझ्यांच्या खुर्चीशेजारी येऊन बसला आणि त्यांच्या चपलेवर हनुवटी टेकवली. वझे पाय न हलवता बराच वेळ तसेच बसून राहिले. पाय आखडला असणार. नोटिशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांना एव्हरशाईनमध्ये लोक हाक मारू लागले. मेजरचे काका. दूधवाला थांबायचा, शाळेची मुलं थांबायची. बाबा मुलांना सांगायचे, आधी मला विचारायचं, मग मूठ बंद करून हात पुढे करायचा, डोक्यावरून नाही, गळ्याखालून खाजवायचं. मुलं रांग लावायची. माझ्या बाबांना मुलं रांग लावून भेटतात, हे मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बघत असे.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या स्मरणाचा दिवस होता, रोझलीन आंटीने विचारलं, "बॅप्टिस्टच्या कबरीवर जायचंय. मेजरला नेऊ या?" गेल्या वर्षी ती एकटीच जाऊन आली होती. दुपारी चारला आम्ही निघालो. मेजर रिक्षात बाबांच्या पायांशी बसला. पापडीला उतरून पुढे चालत गेलो. रस्त्यावर फुलांच्या टोपल्या, मेणबत्त्या विकणाऱ्या बायका, नव्या कपड्यातली पोरं, मोटरसायकली. मेजर कान मागे टाकून, पण ढिल्या पट्ट्याने चालत होता.

रोझलीन आंटी कबरस्तानात गेली. बाबा, मी आणि मेजर बाहेर भिंतीपाशी थांबलो. येणारे-जाणारे बाबांकडे बघत होते. त्यातल्या कितीजणांच्या दारात ते कागद घेऊन गेले होते कोण जाणे. एक म्हातारा थांबलाच. "तुम्ही कोर्टातले ना?" बाबा म्हणाले, होतो. "आता?" बाबांनी मेजरकडे बोट दाखवलं. म्हाताऱ्याने मूठ पुढे केली, मेजरने हुंगली, आणि तो आत गेला.

परत येताना वाट वाडीवरूनच होती. दुसऱ्या वाटेने जाऊ या, असं रोझलीन आंटी म्हणाली, पण मेजर फाटकापाशी थांबला होता. त्याने ओढ घेतली नाही. फक्त खाली बसला आणि आत बघू लागला. बाबा शेजारी उभे राहिले. आम्हीही. आत फणस तसाच होता, पुढचं घर बंद होतं. विहिरीपाशी सेबेस्टियन केळीच्या पानांची मोळी बांधत होता. त्याने वर पाहिलं.

तो सरळ उभा राहिला. मग आत गेला. मला वाटलं आता तो दार लावून घेणार. तो बाहेर आला तेव्हा हातात जर्मनचं भांडं होतं. फाटक उघडून त्याने ते मेजरपुढे ठेवलं.

"पानी दिलंस काय त्याला वाटेत?" त्याने रोझलीन आंटीला विचारलं.

"नाय," ती म्हणाली.

पुढचं ते आपल्या घरच्या बोलीत बोलले. मला सगळं कळलं नाही. बॅप्टिस्टचं नाव दोनदा आलं. मेजर पाणी प्यायला, भिजलेलं तोंड सेबेस्टियनच्या गुडघ्याला पुसलं आणि पुन्हा बाबांच्या डाव्या पायाशी येऊन बसला. बाबा तोवर फाटकापासून बरेच मागे सरकून उभे राहिले होते. निघताना सेबेस्टियनने केळ्यांची फणी माझ्या हातात दिली. रिक्षात रोझलीन आंटी सगळी वाट डोळे पुसत होती.

त्यानंतर जोएल रविवारी आईला वाडीत नेऊ लागला. मेजरही जायचा. तिथे त्याला कधी कुणी बांधला नाही.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात मेजर गेला. दहा-अकरा वर्षांचा झाला होता, मागचे पाय चालत नव्हते, शेवटी वझे आणि बाबा दोघं मिळून त्याला जिन्यावरून उचलून खाली आणत. फ्लॅटवाल्याने कुत्रा पुरायचा कुठे, असा जोएलला प्रश्न पडला. सेबेस्टियनने फोनवर सांगितलं, घेऊन या. त्याने स्वतः खड्डा खणला, फणसापासून दूर, विहिरीच्या बाजूला, जिथून रस्ता दिसतो. बाबांनी माती सारखी केली.

मला वाटलं होतं बाबा पुन्हा वर्तमानपत्र घेऊन बसतील. चौथ्या दिवशी विनिताबाई आमच्याकडे आल्या. त्यांच्या ओळखीत कुणाचा तरी लॅब्राडोर होता, रिक्षा बघून पळत सुटायचा. बाबांनी कुठे राहतो विचारलं, आईकडे बघितलं, आणि साडेपाचचा गजर लावला. पुढच्या चार वर्षांत त्यांनी वीसेक कुत्रे चालायला शिकवले असतील. माझं लग्न होऊन मी पुण्याला गेले होते. फोन केला की आई सांगायची, अजून आले नाहीत, येतील एवढ्यात, कुणाच्या तरी चहाला थांबले असतील.